रूडीच्या ड्रममागून

नेवार्कच्या विमानतळावर मुलगी मला न्यायला आली तेव्हा तिच्या हातात फुलं नव्हती आणि डोळ्यांत पाणीही नव्हतं. मला बरं वाटलं. जावई जाऊन दोन वर्षं होत आली होती. शैला तिथं एकटी काय करते ते डोळ्यांनी बघून यायचं, एवढ्यासाठी मी इचलकरंजीहून निघाले होते. फोनवर ती "मी मजेत आहे गं" म्हणायची. मजेत असलेलं माणूस असं रोज सांगत नाही.

तिचं घर वेस्ट विंडसरला. गाव म्हणतात, पण त्याला चौक नाही की पार नाही. एकासारखी एक घरं, प्रत्येकासमोर कापलेलं गवत, आणि स्टेशनजवळ मोटारी उभ्या करायचं मोठं मैदान. सकाळी माणसं तिथं मोटार ठेवून न्यूयॉर्कच्या गाडीला पळतात, संध्याकाळी उतरतात आणि घरात शिरतात. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. असलं तर दोरीला बांधलेलं, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस. आपल्या लोकांचं दुकान आहे. तिथं ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते जुनं असतं. भाकरी थापताना चिरते. मी दोन दिवस खटपट केली आणि तांदळाची भाकरी करायला लागले.

शैला कामावरून यायची, जेवायची, भांडी मशीनमध्ये लावायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. टीव्ही लावायची, पण बघायची नाही. नातू मिहिर रेडमंडला नोकरीला आहे. तो फोनवर "हाय आजी, आय अॅम गुड" म्हणतो आणि फोन आईला द्यायला सांगतो. मी मनात म्हटलं, हे असंच चालणार असेल तर हिला उचलून घरी न्यायला हवं.

मग एका संध्याकाळी ती जेवल्यावर खुर्चीत बसली नाही. तळघरात गेली. खालून टकटक ऐकू यायला लागली. माझा जन्म यंत्रमागांच्या गल्लीत गेला. आमच्या घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायचं यंत्र होतं. आवाज सारखा चालला आहे की अडखळतो आहे, एवढं मला झोपेतही कळतं. हा आवाज अडखळत होता, पण पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून सुरू होत होता. मी कठड्याला धरून खाली उतरले.

शैला एका लाकडी घोडीसमोर उभी होती. घोडीवर रबर लावलेली फळी, आणि हिच्या हातात दोन काठ्या.

"हे काय गं?"

"प्रॅक्टिस. विनायक वाजवायचा ना, ते."

जावई काहीतरी वाजवतो एवढं मला माहीत होतं. मला वाटायचं तबला असेल. शैलानं मग सगळं सांगितलं. विनायक औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत होता, तिथं त्याचा साहेब रूडी नावाचा स्विस माणूस. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल म्हणून शहर आहे. तिथली ड्रम वाजवायची जुनी रीत हा रूडी इथल्या लोकांना शिकवतो, जन्मभर तेच करतो आहे. विनायक त्याच्याकडे शिकला आणि त्याच्या पथकात वाजवायला लागला.

"विनायकचं तेरावं झालं," शैला म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी रूडी दारात. हातात ही घोडी. हॉलमध्ये मांडली आणि म्हणाला, ओळीतली त्याची जागा रिकामी आहे, गुरुवारी सहाला ये. चहासुद्धा घेतला नाही."

"आणि तू गेलीस?"

"नाही म्हणायला सुचलंच नाही. वर्षभर ह्या लाकडावरच बडवायला लावलं. ड्रमला हात लावू दिला नाही."

मी त्या माणसाला पाहिलेलं नव्हतं, पण मला तो आवडला. भेटायला आलेली बाकीची माणसं हिला 'तुला काही लागलं तर सांग' म्हणून गेली होती.

पुढच्या गुरुवारी मी शैलाबरोबर गेले. एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये पथक जमतं. एक नर्स, एक निवृत्त ट्रकवाला, शाळेतली एक बाई, आणि अशीच आणखी काही माणसं. रूडी ऐंशीच्या घरातला, उंच, थोडा वाकलेला, मोजे घालून वर सँडल. त्यानं माझा हात हातात घेऊन "आयी" म्हटलं. विनायक घरी फोन करताना ते त्यानं ऐकलेलं.

तिथले ड्रम आपल्या ताशाहून मोठे. पत्र्याचं चकचकीत पिंप, दोरीनं ताणलेलं, खांद्यावरच्या पट्ट्यानं डाव्या मांडीला लावून वाजवतात. खालच्या कातड्याला तारा असतात, त्यामुळे आवाजात खरखर येते. ताशा कानात जातो, हा पोटात जातो. आणि चाल अगदी हळू. थोडा वेळ झाला की सगळे नकळत पळायला लागायचे, आणि रूडी काठी जमिनीवर आपटून ओरडायचा, "लांगसाम!" (सावकाश). तासाभरात हा एकच शब्द मी शिकले, आणि तो एवढ्या वेळा ऐकला की जन्मात विसरणार नाही.

त्या रविवारी रूडीनं आम्हाला घरी जेवायला बोलावलं. शेजारचा अमोलही होता. हा नागपूरचा, कॉम्प्युटरमधला, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून जिथं जेवण तिथं अमोल. रूडीनं मेलसुपं (भाजलेल्या पिठाचं सूप) केलं होतं. कणीक खरपूस लाल होईपर्यंत भाजायची, कांदा घालायचा, पाणी ओतून घोटायची, वरून चीज. त्यांच्याकडे ते मांसाच्या पाण्यात करतात. विनायकमुळे हा साध्या पाण्यात करायला लागला. आपल्याकडे आजाऱ्याला भाजलेल्या कणकेची पेज देतात, तशीच चव. मी तसं सांगितलं. शैलानं भाषांतर करताना आजारी माणूस गाळला, ते मला कळलं.

जेवताना मी त्याला विचारलं, तू इथं कसा आलास. तो सांगत गेला, शैला मराठीत सांगत गेली.

त्याचे वडील बाझेलच्या नदीवर नाव चालवायचे. नावेला इंजीन नाही, वर तार बांधलेली आणि नदीच्या ओढीनं नाव पलीकडे जाते. पोराला त्यांनी सात-आठ वर्षांचा असताना ड्रमच्या गुरूकडे घातलं. तिथं सगळेच घालतात. मोठा झाल्यावर रंगाच्या कारखान्यात, मग औषधाच्या कंपनीत. कंपनीनं दोन वर्षांसाठी न्यू जर्सीला पाठवलं. तो ड्रम घेऊन आला आणि राहिलाच. इथं लोक ड्रम जोरात आणि घाईत वाजवत होते. त्याला वाटलं, आपली रीत यांना दाखवावी. शाळांत गेला, आग विझवणाऱ्यांच्या मिरवणुकीत गेला, कनेटिकटमधल्या जुन्या ड्रम-बासरीवाल्यांच्या पथकांत गेला. कुणी बोलावलं तर गेला आणि न बोलावताही गेला. त्याच्या तरुणपणी बाझेलच्या पथकांत बायकांना घेत नसत. त्यानं इथं पहिल्या दिवसापासून घेतलं.

"का?" मी विचारलं.

"पुरुष तीनच आले होते," तो म्हणाला.

लग्न केलं होतं, ते मोडलं. अमोलनं विचारलं, "ड्रममुळे?"

"नाही. माझ्यामुळे," रूडी म्हणाला आणि त्याच्या ताटलीत आणखी सूप वाढलं.

मग त्यानं चमचा ठेवला आणि शैलाकडे बघून काहीतरी सावकाश बोलला. शैलानं भाषांतर केलं नाही. तिचा चेहरा उतरला. मला अमोलनं सांगितलं.

"मावशी, ते म्हणताहेत की पुढच्या महिन्यात कनेटिकटला मेळावा आहे, तो लास्ट. मग पथक बंद. सगळे ड्रम एका शाळेला देऊन टाकणार."

"तब्येत?"

"नाही हो. म्हणतात, काही उपयोग झाला नाही."

मला त्या माणसाचा राग आला. एवढी माणसं दर गुरुवारी घर सोडून येतात, शैला आठवड्यात एक संध्याकाळ खुर्चीतून उठते, आणि हा म्हणतो उपयोग नाही. मी शैलाला म्हटलं, विचार त्याला, कसला उपयोग पाहिजे होता.

रूडीनं उत्तर दिलं ते असं. बाझेलमध्ये फास्नाख्त (ख्रिस्ती लोकांचे उपास लागताना येणारा सण) असतो, तेव्हा पथकं गल्ल्यांतून वाजवत फिरतात. कुणी टाळ्या वाजवत नाही. लोक पथकाच्या मागे लागतात आणि त्याच चालीनं, न बोलता चालत राहतात. ओळखीचं पथक लागत नाही. आवाज आवडला की मागे जायचं. चाल हळू असते ती त्यासाठीच. पथक चांगलं की वाईट, ते मागं वळून बघितलं की कळतं. "इथं मी एवढी वर्षं वाजवलं. सगळे खुर्च्या टाकून बसतात, टाळ्या वाजवतात, खातात. एक माणूस कधी मागे चालला नाही. म्हणजे मी इथं नुसता तमाशा दाखवला."

"मग सांगा ना लोकांना चला म्हणून," अमोल म्हणाला. "अनाउन्समेंट करू."

"सांगून चाललेला माणूस हिशेबात धरत नाही," रूडी म्हणाला. तो विषय तिथं संपला.

घरी आल्यावर शैला म्हणाली, "आई, मला आता दुसरं काही नवीन शिकायची ताकद नाही." मी तिला झोप म्हटलं.

मेळाव्याला आम्ही अमोलच्या गाडीतून निघालो. शैला पथकाबरोबर आदल्या दिवशीच गेली होती. मी थालीपीठं आणि दही-बटाटा घेतला होता. अमोल म्हणाला, "मावशी, मी ड्राइव्ह करतो ना, टेन्शन नका घेऊ यार." थालीपीठ खाता खाता त्यानं वळण चुकवलं आणि आम्ही भलत्याच पुलावर चढलो. तिथं मागे वळता येत नाही, पुढे पुढेच जावं लागतं. पुलाचे पैसे गेले, वेळ गेला. तो शिव्या देत होता त्या हिंदीत, म्हणजे मला कळणार नाहीत असं समजून.

नदीकाठचं ते गाव चांगलं आहे. पांढऱ्या फळ्यांची घरं, मोठी झाडं, एक लांब रस्ता आणि शेवटी चर्च व हिरवळ. मैदानात तंबू ठोकलेले. तीन कोपऱ्यांच्या टोप्या आणि लाल-निळे डगले घातलेली माणसं त्या उन्हात लिंबूपाणी पीत हिंडत होती. त्यांच्या स्वातंत्र्याच्या लढाईतले सैनिक असे असायचे म्हणे. रस्त्याच्या दोन्ही कडेला घडीच्या खुर्च्यांची रांग. अमोलनं आमच्याही दोन खुर्च्या मांडल्या. माझ्या शेजारी एक जाडा माणूस बसला होता, त्याच्या पायाशी तसंच जाडं कुत्रं. त्यानं मला टरबुजाची फोड दिली. मी त्याला थालीपीठ दिलं. त्यानं ते वास घेऊन खाल्लं आणि दुसरं मागितलं.

पथकं यायला लागली. एकानं आमच्यासमोरच बंदुका उडवल्या. माझ्या हातातलं टरबूज पडलं, ते कुत्र्यानं खाल्लं. पथकं भराभर येत आणि भराभर जात होती. लोक टाळ्या वाजवत, पुन्हा खायला लागत. रूडी म्हणाला होता त्यात खोटं काही नव्हतं.

मग लांबून तो पोटातला आवाज आला. सगळ्यात पुढे रूडी, हातात उंच काठी. मागे चार बासरीवाले, त्यांच्या मागे ड्रमच्या ओळी. शैला शेवटच्या ओळीत कडेला, विनायकच्या जागी. घामानं केस कपाळाला चिकटलेले, नजर समोर. माझ्यासमोरून गेली पण माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. हात अडखळला नाही. शेवटची ओळ पुढं गेली आणि मी उठले.

उगाच मोठेपणा नको. रूडीचं बोलणं तेव्हा माझ्या डोक्यातही नव्हतं. आपल्याकडे दारावरून मिरवणूक गेली की आपण शेपटीला लागतो. त्यात घरचं माणूस वाजवत असेल तर बसून राहणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. पदर खोचला आणि रस्त्यावर उतरले.

"मावशी," मागून अमोल, "मावशी, तिथं अलाउड नाही. प्लीज. अहो मावशी."

पिवळं जाकीट घातलेला एक स्वयंसेवक धावत आला आणि हात करून मला कडेला जायला सांगायला लागला. मी शैलाच्या पाठीकडे बोट दाखवलं आणि "डॉटर" म्हटलं. तो काहीतरी बोलत माझ्या बाजूनं चालायला लागला. बोलता बोलता त्याचेही पाय त्या चालीत पडले, ते त्याला कळलं नसावं. माझे गुडघे गेलेत. दुसऱ्या कुठल्याही पथकामागे मी दहा पावलं टिकले नसते. ह्या चालीनं मात्र जाता येत होतं. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसं.

थोडं पुढे गेल्यावर मागे नखांचा टकटक आवाज आला. ते जाडं कुत्रं, आणि मागे तो माणूस. त्याच्या मागे एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन. त्यांच्या मागे दोन म्हाताऱ्या हातात हात घालून. मग अमोल, दोन्ही खुर्च्या काखेत मारून, तोंड पाडून. अख्खं गाव उठलं असं मुळीच नाही. बहुतेक लोक बसूनच होते. पण जे चालत होते त्यांच्यात कुणी बोलत नव्हतं आणि कुणी टाळी वाजवली नाही.

पथकातल्या कुणाला हे माहीत नव्हतं. वाजवताना मागे बघायचं नाही हा रूडीचा नियम, आणि तो स्वतः तर सगळ्यांच्या पुढे. चर्चसमोरच्या हिरवळीवर आल्यावर त्यानं काठी वर धरली, ड्रम थांबले आणि तो वळला.

मागची माणसं त्याला दिसली. मग ओळींमधून मागे आला. आधी माझ्यासमोर उभा राहिला आणि काहीतरी बोलला. शैला धापा टाकत होती, तरी तिनं सांगितलं, "आई, तो म्हणतो, तुम्हाला धरत नाही. तुम्ही हिची आई."

"नका धरू," मी म्हटलं. "बसायला जागा द्या आधी."

अमोलनं खुर्ची उघडली. तोपर्यंत रूडी जाड्या माणसाकडे गेला होता. त्यांचं बोलणं शैला मला मराठीत सांगत गेली.

"तू पथकातल्या कुणाचा कोण?"

"कुणाचाच नाही. मी इथं मागच्या गल्लीत राहतो."

"तुला कुणी चल म्हणून सांगितलं?"

"नाही," तो माणूस जरा घाबरला. "या बाई चालल्या. मला वाटलं चालतं. दरवर्षी बसूनच बघतो. रस्त्यावर उतरायचं नसतं असं वाटायचं." मग कुत्र्याकडे बघून म्हणाला, "आणि तुम्ही हळू होतात. याला जमलं."

रूडीनं टोपी काढली, पुन्हा घातली. ढकलगाडीवाल्या बाईलाही त्यानं तेच विचारलं. दोन म्हाताऱ्यांना विचारलं. त्याही कुणाच्या कुणी नव्हत्या. पिवळ्या जाकीटवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, मी ड्यूटीवर होतो. त्याला धरला नाही. मग रूडीनं खिशातून रुमाल काढून मोठ्यानं नाक शिंकरलं, पथकाकडे वळला आणि ओरडायला लागला. असा ओरडला की बासरीवाले मागे सरकले.

"काय झालं आता?" मी शैलाला विचारलं.

"म्हणतो, आगीच्या बंबाच्या इमारतीपाशी सगळे पळालात. लाज वाटायला पाहिजे, मागे माणसं चालत होती." शैला हसत होती आणि तिचं नाक लाल झालं होतं. "म्हणतो, गुरुवारी तेवढाच तुकडा घ्यायचा, बरोबर येईपर्यंत."

"मग शाळेला ड्रम द्यायचे त्याचं काय?"

"त्याबद्दल तो काही बोलणार नाही, आई. तो ओरडला म्हणजे झालं."

रूडी पुन्हा माझ्याकडे आला नाही. मी त्याला शोधलं तेव्हा तो जाड्या माणसाच्या हातात दोन काठ्या देऊन बोटं कशी धरायची ते दाखवत होता. कुत्रं कंटाळून झोपलं होतं.

इचलकरंजीला परत आल्यावर गल्लीतल्या बायकांनी विचारलं, अमेरिकेत काय काय पाहिलंस. नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कच्या उंच इमारती पुलावरून चुकून दिसल्या तेवढ्याच. पण कुणी कुठं जाऊन काय करून ठेवलं हे बघायला मिळालं, आणि ते लांबचं तिकीट काढण्याजोगं होतं. नावाड्याचा पोरगा परक्या देशात जाऊन जन्मभर लोकांना सांगत राहतो की जरा सावकाश. ते कुणी ऐकलं की नाही हे त्याला ऐंशीच्या घरात कळतं. पुष्कळांना तेवढंही कळत नाही.

परतीचं विमान गुरुवारचं होतं. शैला म्हणाली, "मी आज जात नाही प्रॅक्टिसला. तुला सोडायला येते."

"तू काय करणार येऊन? बॅगा अमोल उचलणार."

"अगं, पण बरं दिसतं का ते?"

"कुणाला दाखवायचंय?"

ती आली नाही. दारातच पाया पडली, काठ्या बॅगेत टाकल्या आणि माझ्याआधी निघून गेली. उशीर झाला तर तो ओरडतो म्हणाली. अमोल मला नेवार्कला घेऊन गेला, या वेळी एकही वळण न चुकवता. विमानात त्यांनी दिलेलं बेचव जेवण मी सगळं जेवले आणि खाली उतरेपर्यंत झोपले.